खुर्ची सोडता येत नाही, असं मी लिहिलं होतं

शहागडच्या फाट्यावर औरंगाबादची एस.टी. उभी राहिली, तरी आई माझी बॅग सोडेना. कंडक्टर ओरडला. मोठा भाऊ, दादा, तोही ओरडला. शेवटी तिनं बॅग दिली. "कामाच्या माणसाला थांबवू न्हाई," ती म्हणाली, "पण जल्दी ये." वडील आधीच वारले होते. मागे ही दोघंच राहिली.

अमेरिकेत एम.एस. करून मी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या एका केंद्रात लागले. अंतराळयान पृथ्वीभोवती फिरताना जमिनीवरच्या एका केंद्राला जेमतेम काही मिनिटं दिसतं. म्हणून त्याच्याहून कितीतरी उंचावर दुसरे उपग्रह ठेवलेले असतात. ते यानातला आवाज झेलून आमच्या डिशकडे देतात आणि आम्ही तो कंट्रोल रूमला पोचवतो. हे मी पत्रात लिहिलं. दादानं आईला वाचून दाखवलं आणि तिचं उत्तर कळवलं: "म्हंजी गोदेच्या पल्याडची हाक ऐकू येत न्हाई, मंग नावेतल्यानं ती इकडं सांगायची. समजलं."

नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीला रजा मिळत असूनही मी गेले नाही. नुसता कंटाळा केला. पत्रात मात्र लिहिलं, 'यान वर असताना मी खुर्ची सोडली, तर वरच्या माणसांचा आवाजच तुटेल.' वास्तविक शिफ्टला आणखी चौघं असायची. मी उठले असते, तर शेजारच्यानं हेडसेट लावला असता.

पुढच्या वर्षी पंधरा दिवसांची एक मोहीम संपली आणि मी दुसऱ्याच दिवशी निघाले. फाट्यावर दादा उभा होता. डोकं भादरलेलं, त्यावर नुकते फुटलेले खुंट.

"उन्हामुळं काढलेस का केस?" मी हसत विचारलं.

त्यानं माझी बॅग घेतली आणि ती घेऊनच रस्त्याकडेला खाली बसला. शेजारून ट्रक जात होते. मला कळलं होतं, तरी मी म्हणाले, "आई घरी आहे ना?"

"चवदा दिवस झाले," तो म्हणाला.

त्या चौदा दिवसांत मी गावच्या एस.टी.डी. बूथवर फोन केला होता, येण्याची तारीख सांगायला. तेव्हा दादा म्हणाला होता, "आई शेतात गेलीय. तू तुझं काम बराबर कर." तो आईचा तिसरा दिवस होता.

घरी पोचल्यावर मी किंचाळलेच. "नंबर होता ना तुझ्याकडं?"

"होता. चार दिवस ताप होता तिला. दोनदा बूथवर गेल्तो, दोन्ही बारीला तिनं माणूस पाठवून माघारी बोलावलं. म्हणली, पोरगी उठली तर वरच्या लेकरांचं कसं व्हईल? त्यांच्याबी आया असतील. शपथ घातली."

"आणि ती गेल्यावर?"

"शपथ राह्यलीच की. यान उतरलं का, ते रोज पेपरात बघत राह्यलो. उतरलं तवा तू निघाल्ती."

 मी कसंबसं म्हणाले, "दादा, ते मी खोटं लिहिलं होतं. मला उठता आलं असतं."

मला वाटलं, मारेल. तो ओळख नसल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला आणि उठून गोठ्यात गेला. तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं माझं ताट वाढलं आणि हळू आवाजात म्हणाला, "गावात कोणाला सांगू नको. मरूस्तोर सगळ्यांना तेच सांगत होती ती. माझी पोरगी उठली तर आभाळातली माणसं मुकी व्हतील म्हणं."

मी सांगितलं नाही. आज लिहितेय ते त्याला विचारून. फोनवर तो म्हणाला, "लिही. आता तिला काय फरक पडतो?"

माझ्यासारखे जे निघून गेले, त्यांना घर म्हटलं की अंगण आठवत असेल, नदी आठवत असेल. मला एक माणूस आठवतो. मी काय केलं ते त्याला माहीत आहे, आणि दर रविवारी तो माझा फोन उचलतो.