मच्छिंद्राच्या मल्चरचा कायदा

जमिनीवर असला की मच्छिंद्र गरीब गाय, आणि ट्रॅक्टरवर चढला की तहसीलदार, असं माकणी गावात म्हणतात. त्यातही मागं नांगर असेल तर तो एक वेळ हसून बोलेल. पण मल्चर जोडलेला असला की सख्ख्या सोयऱ्यालाही ओळख देत नाही. मल्चर म्हणजे ऊस तुटून गेल्यावर रानात उरणाऱ्या पाचटाचा जागच्या जागी भुगा करणारं यंत्र. लोखंडी झाकणाखाली एक आडवा ड्रम, ड्रमला लोंबकळणारी पाती, आणि ट्रॅक्टरच्या जोरावर ती अशी गरगरतात की पाचटच काय, चुकून राहिलेली चप्पलसुद्धा नंतर ओळखू येत नाही. पूर्वी गावात लोक पाचटाला काडी लावून मोकळे व्हायचे. मच्छिंद्रनं यंत्र आणलं आणि दोन-तीन हंगामांत निम्म्या शिवाराची ती खोड मोडली. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. न दिलं तर तो आपणहून घेतो.

यंत्र त्याचं, म्हणून नियमही त्याचे. मल्चर रानात शिरण्याआधी मालकानं सगळं रान पायी फिरायचं आणि दगड, तार, बाटली, गोणपाट जे असेल ते वेचायचं. यंत्र चालू असताना मागं कुणी उभं राहायचं नाही, कारण पात्यानं उडवलेला खडा माणसाची पत बघत नाही. खाली वाकायचं तर आधी ट्रॅक्टर बंद आणि किल्ली खिशात. सकाळी आधी बेरिंगला ग्रीस, मग माणसाला चहा. एक पातं तुटलं की त्याच्या समोरचंही बदलायचं. नाहीतर ड्रम एका अंगाला जड होतो, यंत्र हिवताप आल्यासारखं हुडहुडतं आणि बेरिंगचं वाटोळं होतं. नवी पाती तो किराणा दुकानाच्या तराजूत एकमेकांशी तोलून बघायचा, आणि तेवढा वेळ साखर न्यायला आलेल्या बायांनी मुकाट उभं राहायचं. त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा दोस्त बजरंग या नियमांना मच्छिंद्राचं संविधान म्हणायचा, आणि त्यात दुरुस्ती करायचा अधिकारही त्यानं स्वतःकडंच ठेवलाय, असं वर सांगायचा.

यातलं सगळ्यात गाजलेलं कलम साड्यांचं. या भागात रानडुकरांचा उच्छाद फार. त्यावर तोड म्हणून लोक पिकाच्या कडेनं जुन्या साड्या बांधतात; वाऱ्यानं त्या फडफडल्या की डुकराला वाटतं माणूस आहे. पीक निघालं की साड्या सोडायची मात्र कुणालाच आठवण राहत नाही. त्या पाचटात गाडल्या जातात आणि मल्चरमध्ये गेल्या की ड्रमला अशा आवळून बसतात की पट्टे किंचाळायला लागतात. अशा वेळी मच्छिंद्र शांतपणे खाली उतरायचा आणि निकाल द्यायचा, "ज्याचं गुतलं, त्यानं सोडवायचं." मग मालकानं यंत्राखाली बसून विळ्यानं चिंधी न चिंधी कापून काढायची, आणि मच्छिंद्रनं बांधावर तंबाखू मळत अधूनमधून विचारायचं, "रानातनं फिरला व्हतास का?" सोसायटीचे चेअरमन धोंडीबा वयानं मोठे, म्हणून त्यांना "फिरला व्हताव का?" असं अदबीनं विचारलं, पण बसवलं त्यांनाही, पांढऱ्या शुभ्र पायजम्यासकट.

एवढ्या खमक्या माणसाला आतून पोखरत होती ती एक पोपटी साडी. बायको सरुबाईसाठी सगळ्या संसारात त्यानं एकट्यानं जाऊन, स्वतःच्या पसंतीनं घेतलेली ती एकमेव साडी होती. धाराशिवला बेरिंग आणायला गेला होता. दुकान उघडायला वेळ होता, म्हणून शेजारच्या कापडाच्या दुकानात टेकला आणि तिथं भुलला. झगझगीत पोपटी रंग, शेंदरी काठ, काठावर कोयऱ्या. सरुबाईनं साडी हातात घेतली, "बरी हाय" म्हणाली आणि आत नेऊन ठेवली. त्यानंतर ती कुणाच्या नजरेला पडली नाही. कधी नेसणार, असं विचारलं की ती म्हणायची, लेकीच्या लग्नात नेसीन. आता त्या लेकीचं, संघप्रियाचं लग्न तोंडावर आलं होतं. मच्छिंद्रनं पुन्हा विषय काढला, तर सरुबाई ज्वारी पाखडता पाखडता, मान वर न करता म्हणाली, "बघू की."

त्या "बघू की"नं त्याची झोप उडवली. साडी तिला आवडलीच नाही, हे त्याच्या मनानं घेतलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि हिची आवडनिवड काही आपल्याला कळली नाही, याचं त्याला खरंच वाईट वाटत होतं. आवाजावरून कुठलं बेरिंग कुरकुरतंय हे सांगणारा माणूस, पण घरातलं एक माणूस त्याला ओळखता येईना. त्या दिवशी सकाळी तर तो चिडून बोललाच, आवडत नसेल तर तसं तोंडावर सांग. सरुबाई भाकरी थापत राहिली. मच्छिंद्र न खाताच ट्रॅक्टर घेऊन स्वतःच्या रानात आला.

ऊस नुकताच तुटला होता, बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणी द्यायची पाळी जवळ आली होती, म्हणून पाचटाचा भुगा त्याच दिवशी व्हायला हवा होता. बांधापलीकडून बजरंगनं विचारलं, रान फिरून झालं का? माझं रान हाय, मला खडा न खडा ठावकी हाय, असं म्हणून मच्छिंद्रनं ट्रॅक्टर आत घातला. खरं तर रानाकडं त्याचं लक्षच नव्हतं. डोक्यात सकाळपासून साडी फिरत होती.

थोड्याच वेळात मल्चरमध्येही साडी फिरायला लागली. आवाज बदलला, पट्टे किंचाळले, रबर जळाल्याचा वास आला. मच्छिंद्रनं ट्रॅक्टर बंद केला, किल्ली खिशात टाकली, यंत्राखाली दगडांचा टेकू दिला आणि वाकून बघितलं. ड्रमला कापड आवळून बसलं होतं.

बजरंगनं फोन केला की हाकाच मारल्या, कोण जाणे. पण बघता बघता बांधावर माणसं जमली. गेल्या काही हंगामांत ज्यांनी ज्यांनी यंत्राखाली बसून चिंध्या काढल्या होत्या, ती सगळी आली. चेअरमनही मोटारसायकलवरून आले, एरवी ते असल्या उन्हात घराबाहेर पडत नाहीत. एकानं न सांगता विळा आणून दिला. आणि धोंडीबांनी तंबाखू मळत, अगदी सावकाश विचारलं, "मच्छिंद्रा, रानातनं फिरला व्हतास का?"

माणसं पोट धरून हसली. मच्छिंद्रही ओशाळून हसला आणि विळा घेऊन खाली बसला. कायदा म्हणजे कायदा.

बजरंगला मात्र ती साडी आठवत होती. पावसाळ्यात डुकरांनी ऊस लोळवला, तेव्हा सरुबाई माहेरी गेलेली. मच्छिंद्रनं माळ्यावरचं चिंध्यांचं गठुडं खाली ओढलं आणि भरपावसात, अंगावर पोतं घेऊन, एकट्यानं सगळ्या साड्या बांधल्या. त्यातली एक इतकी भडक की बजरंगनं विचारलं होतं, ही कुणाची रं? आमच्या मेव्हणीची असणार, मच्छिंद्र म्हणाला होता. तिलाच असले रंग आवडतात, डुकरं काय, माणूसबी बिचकंल. बजरंगनं हा सगळा संवाद मंडळींना हातवारे करून ऐकवला. पुन्हा हशा झाला.

या खेपेला मच्छिंद्र हसला नाही. वरचे उन्हानं विटलेले थर कापून झाले होते आणि आतली घडी दिसायला लागली होती. आत रंग अजून शाबूत होता. झगझगीत पोपटी. शेंदरी काठ. काठावर कोयऱ्या.

त्याचा हात थांबला. आपणच आणलेली, भरपावसात न ओळखता आपणच बांधलेली, आपणच नावं ठेवलेली, हे ध्यानात यायला त्याला वेळ लागला नाही. पण त्याहून लागलं ते वेगळंच. साडी चिंध्यांच्या गठुड्यात होती. म्हणजे तिनं ती चिंध्यांत टाकली होती. जे उत्तर त्याला हवं होतं ते मिळालं, आणि मिळालं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात सरुबाई भाकरीचं फडकं घेऊन आली. गर्दी बघून आधी घाबरली, कुणाला लागलं का म्हणून पुढं धावली, आणि ड्रमकडं बघून उभीच राहिली.

"हितं व्हती व्हय," ती म्हणाली.

एवढ्या माणसांत असलं बोलू नये, हे मच्छिंद्रला कळत होतं; पण राहवलं नाही. "चिंध्यांत टाकली व्हतीस," तो म्हणाला.

"टाकली न्हवती. ठिवली व्हती." सरुबाईनं फडकं बांधावर ठेवलं. तिची धाकटी बहीण क्षमा सणावाराला येते, पेटी उघडते आणि चांगली साडी दिसली की नेसून जाते, ती परत येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. "पेटीतली एक साडी तिच्या हातनं वाचली न्हाय. म्हणून ही गठुड्यात, पार मधोमध घातली. चिंध्या कोन नेतंय?"

मग गठुडं गेलं हे कळल्यावर बोलली का नाहीस, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, माहेराहून आल्या आल्या कळलं, दोनदा चोरून बांध हिंडले, पण तवर ऊस अंगावर आला होता, आतल्या कडंला जाता येईना. "आन तुमाला काय सांगू? जन्मात एक साडी आणली तुमी. ती हरवली म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?"

बांधावर कुणी हसलं नाही. धोंडीबांना अचानक सोसायटीतलं काम आठवलं, आणि एकेक करून बाकीचेही पांगले. बजरंग सगळ्यांत शेवटी गेला, जाताना दुसरा विळा ठेवून.

सरुबाईनं तो उचलला आणि ती ड्रमच्या पलीकडच्या अंगाला बसली. मच्छिंद्रनं खिशातली किल्ली काढून तिच्या हातात दिली. यंत्राची किल्ली त्यानं आजवर कुणाकडं दिली नव्हती. तिनं ती कनवटीला खोचली. दोघं दोन बाजूंनी कापायला लागली.

"आवडली व्हती का पन?" मच्छिंद्रनं ड्रमकडंच बघत विचारलं.

"आवडली नसती तर पेटीत वरच ठिवली असती. क्षमाच्या हाताला येईल अशी."

किती महिने हे माणूस एकटं ही काळजी वाहत राहिलं, आणि आपण रोज त्याच जखमेवर बोट ठेवत गेलो, याची मच्छिंद्रला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद झाला. शेवटची चिंधी ओढून काढत तो म्हणाला, उद्या दोघं धाराशिवला जाऊ, लग्नासाठी तुझ्या मनासारखी घे, मी दुकानाच्या बाहीर थांबतो.

सरुबाईनं चिंध्या गोळा करून पदरात घेतल्या.

"न्हाय, निवडा तुमीच," ती म्हणाली. "कुठं ठिवली ते ह्या बारीला सांगते."