कोबी आणि आईचं वजन

डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं आणि आईनं रोज कोबी करायचा चंग बांधला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, चमचाभर तेल. वाफेवर शिजलेली ती भाजी ती भाकरीसोबत माझ्या डब्यात भरायची. सांगलीच्या ऑफिसात मी तो डबा सहकाऱ्यांपुढे सरकवायचो आणि कोपऱ्यावर जाऊन मिसळ खायचो. संध्याकाळी आई विचारायची, "संपला का रं?" मी रिकामा डबा दाखवायचो.

दीड महिन्यानं आम्ही दोघं तपासणीला गेलो. तिच्याही रक्तदाबाच्या गोळ्या त्याच डॉक्टरांच्या. माझं वजन तेवढंच होतं. मुळातच काटकुळी आई मात्र चार किलोंनी उतरली होती.

"जेवत नाही का?" डॉक्टरांनी तिला विचारलं.

"जेवती की. ह्येच्यासंगं कोबी खाती. पोरानं एकट्यानं पथ्य करायचं आन् मी रस्सा भुरकायचा, आसं कसं हो?"

मला मान वर करवेना. परतताना रिक्षात मी सगळं सांगून टाकलं. तिनं विचारलं, "ऑफिसातल्यांस्नी आवडली का भाजी?"

दुसऱ्या दिवशी तो डबा मी स्वतः खाल्ला. दाताखाली येणारी डाळ, कोबीचा हलका गोडवा. भाजी खरंच छान झाली होती आणि म्हणूनच घास गिळताना जास्त लाज वाटली. आता तिच्या भाकरीवर तूप मी वाढतो. ती नको म्हणते, तरी वाढतो.