कोंडवाड्याची जयवंताबाई

जयवंताबाई आमच्याकडे वांगी घेऊन येते, पण तिच्या गावात तिला कोंडवाड्याची बाई म्हणूनच ओळखतात. नवरा गेल्यावर सहा वर्षं कोंडवाड्याची किल्ली तिच्या कमरेला होती. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरं ती आत घालायची आणि मालकाने दंड भरल्याशिवाय सोडायची नाही. सरपंचाचे बैलसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात माझी लेक हर्षाली आदिलाबादच्या वक्तृत्व स्पर्धेची तयारी करत होती. विषय होता कार्बन कर. मागच्या वर्षी ती मंचावर नुसती उभी राहून, एक शब्द न बोलता खाली उतरली होती. यंदा तिच्यापेक्षा मलाच जास्त धाकधूक. दारात जो येईल त्याच्यासमोर मी तिला बोलायला लावत होते.

"कोण्या गोष्टीचा कर वं पोरी?" टोपली उतरवत जयवंताबाईने विचारलं.

"कोळसा, डिझेल जाळून जो जास्त धूर करेल, त्याने जास्त भरायचा."

"मंग माह्या चुलीवरबी लावतं का?"

"तिथेच तर मी अडकते, मावशी. गरिबाचं काय?"

"त्यात अडकाचं काय? धूर म्हंजे मोकाट जनावर. खाते दुसऱ्याचं अन् मालक घरी झोपते. दंड त लावाच लागते. पर तो पैसा म्या पंचायतीत मुरू नाई देल्ला. ज्याच्या वावराले कुंपण नाई, त्याले तार घेऊन देल्ली. ज्याची एकच शेळी, त्याले दंड कमी. माफी मातर कोणालेच नाई."

हर्षालीने वही मिटली आणि चहा टाकला. मग तासभर नुसत्या कोंडवाड्याच्या गोष्टी.

स्पर्धेच्या दिवशी जयवंताबाई बाजारातून थेट सभागृहात आली आणि शेवटच्या रांगेत बसली. हर्षालीचं नाव पुकारलं. ती माईकसमोर गेली आणि गप्प झाली. मग तिने एकदम सुरुवात केली, "आमच्या मावशींनी एकदा स्वतःचीच म्हैस कोंडली आणि स्वतःच दंड भरला."

मागून आवाज आला, "एक नाई वं, दोन होत्या! खोटं काऊन सांगून राह्यली?"

सगळं सभागृह हसलं. हर्षालीही खळखळून हसली. "बरं, दोन म्हशी. म्हणजे दंडही दुप्पट!"

तिथून जी ती बोलत सुटली, ती घंटा वाजली तरी थांबेना. परीक्षकांनी पुन्हा घंटा वाजवली, तशी जयवंताबाई उठून उभी राहिली.

"बोलू द्या ना जी लेकराले!"