देवरावकाका फोटोत कसे आले

आमच्या फुटबॉल क्लबानं कप ठेवाले लोखंडी कपाट घेतलं होतं. कप काही आले नाई, म्हणून त्यात चुन्याची पोती ठेवली. किस्से मात्र इतके जमले, का त्यायले कपाट पुरलं नसतं. ते माझ्याकडं आले. मले खेळता येत नाई, पण अक्षर चांगलं हाय. म्हणून मॅचच्या टाइमले टीमची यादी लिहायचं काम माझं.

सगळ्यात आधी देवरावकाका. मैदानावर चुन्याच्या लाइनी मारायचं काम त्यायचं. सकाळी येताना घरची गाय चांदी सोबत आणत. काका लाइन मारत, चांदी गवत मारे.

एक दिवस गोंदियाची टीम आली. त्यायचा कॅप्टन पेनल्टी बॉक्सजवळ थांबला अन् पाहतच राहिला. सरळ आलेली लाइन मधात गोल फिरून पुन्हा सरळ गेली होती.

"काका, ये बॉक्स का पेट क्यूं निकला है?"

काका म्हणे, "सकाळी तिथं गाय बसली होती."

"तो उठाते ना!"

"कशी उठवू? गाभण हाय ते!"

रेफ्रीनं पट्टी काढली, डोकं खाजवलं, पट्टी ठेवली. त्या दिवशी आमाले पेनल्टी मिळाली. फाउल बरोबर पोटात झाला होता!

*

फर्स्ट एडले मडावीभाऊ. फॉरेस्टात रोजीवर जात अन् रविवारी आमच्याकडं. त्यायच्याकडं दुखण्यावर मारायचा एक स्प्रे होता. तो पहिल्याच सीझनले संपला. भाऊनं कोणाले सांगितलं नाई. पोरगा पाय धरून पडला का भाऊ धावत जाये, डबा खडखड हालवे अन् तोंडानंच "फुस्स" करे.

पोरगा उठून पळे!

एकदा समोरच्या टीमचा स्टॉपर पडला. भाऊनं त्यालेही दोन फुस्स दिले. मॅच झाल्यावर त्यायचा मॅनेजर आला. "भैया, कौनसी कंपनी का है? हमारा वाला तो इतना जल्दी असर नहीं करता."

भाऊनं डबा खिशात घातला. "ये दुकान में नहीं मिलता."

*

गोलची जाळी फाटली, तं आमी चोरखमाऱ्याच्या तलावावरच्या एका मासेमाऱ्याचं जाळं मागून आणलं. हाफटाइमले तो सायकलवर हजर. "माझा टाइम झाला," म्हणे अन् जाळं सोडून घेऊन गेला. मॅच थांबली. पाऊण घंट्यानं वापस आला अन् तसंच ओलं जाळं बांधून दिलं.

पाचव्या मिनिटाले आमच्यावर गोल. आमचा गोलकीपर बॉल काढाले जाळ्यात वाकला. बॉल निघाला, अन् मागून दोन मासे.

सगळे रेफ्रीकडं पाहून राहिले. रेफ्रीनं वही काढली.

"गोल एकच धरून राहिलो," म्हणे. "बाकीचे तुमी वाटून घ्या."

*

एका मॅचले नियम होता, बेंचवर कमीत कमी दोन राखीव पोरं पायजे. आमच्याकडं एकच. बाजूच्या धानाच्या बांधीत एक बुजगावणं उभं होतं. मी त्याले आणून बेंचवर बसवलं, चौदा नंबरची जर्सी घातली, डोक्यावर टोपी ओढली अन् यादीत लिहिलं: राजू.

रेफ्री दुरूनच ओरडला, "चौदा नंबर, बूट कहां है?"

मी म्हटलं, "सर, गरीब घर का है."

मॅच झाल्यावर समोरच्या टीमचा कोच मले बाजूले घेऊन म्हणे, "तुम्हारा वो चौदा नंबर बहुत डिसिप्लिन वाला है. हमारे लडके तो बेंच पे बैठ के गाली देते हैं."

*

आता फोटोचं.

दरवर्षी सीझन संपला का टीमचा फोटो निघे. अन् दरवर्षी काका त्यात नसत. एका वर्षी ते झेंडे काढून राहिले होते, एका वर्षी बॉल आणाले बांधीत उतरले होते. इकडं घरी शांताकाकूले संशय. काका मैदानाच्या नावानं पिंपळाखाली पत्ते खेळते, असं तिले वाटे.

शेवटी तिनं फोटो हातात घेऊन एक-एक चेहरा तपासला. "तुमी कुठं हाव?"

"मागं होतो."

"यंदा फोटोत नाई दिसले, तं मैदान बंद. रविवारी माझ्यासंगं वावरात चला."

काकाचा चेहरा चुन्यासारखा झाला. चौदा वर्षं लाइनी मारल्या होत्या त्या माणसानं.

म्हणून यंदा आमी बंदोबस्त केला. काकायले मधातल्या खुर्चीवर बसवलं. काकूनं दिलेला नवा शर्ट, केसायले तेल. फोटोखाली नावं छापायची होती, तं मी यादी आधीच लिहून स्टुडिओवाल्याले देऊन ठेवली. डावीकडून उजवीकडं, एकदम शिस्तीत. तो लग्नातून आला होता, रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

"रेडी! कोणी हालू नका!"

कोणीच हाललं नाई. काका तं श्वासही घेऊन नव्हते राहिले. उजवीकडून चांदी आली, तं म्हणूनच तिले कोणी हाकललं नाई. ते काकाच्या समोर आडवी उभी राहिली अन् कॅमेऱ्याकडं पाहाले लागली.

खटॅक!

आठ दिवसानं फ्रेम आली. एकीकडं सहा पोरं, दुसरीकडं पाच पोरं अन् मडावीभाऊ. मधात चांदी. काकाचं बोटही दिसत नव्हतं. अन् चांदीच्या बरोबर खाली, सोनेरी अक्षरात: श्री. देवरावजी, मैदान प्रमुख.

फ्रेम घेऊन मीच घरी गेलो. काका दाराआड उभे. काकूनं पदरानं काच पुसली, चष्मा लावला. बोट ठेवून डावीकडून एक-एक नाव वाचत आली. मधात थांबली. वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"हाव. आले एकदाचे," म्हणे. "जा, रविवारी मैदानावर."

काकानं श्वास सोडला. काकूनं फ्रेम खिळ्याले लावली, दोन पावलं मागं झाली अन् पुन्हा निरखून पाहिलं.

"पण मी दिलेला नवा शर्ट काऊन नाई घातला?"