‘इथं तसं कोन नाय’: आमच्या होम लोनची हकिगत

मोटारीच्या वायंडिंगमध्ये माझा हात धरेल असा माणूस धसईपासून भातसानगरपर्यंत नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण बाकीचे सांगायला विसरतात. माझ्या हातून गेलेली मोटार एवढं पाणी ओढते की एकदा विहिरीतली बेडकं पाइपातून थेट शेतात आली आणि तिथेच संसार थाटून बसली. आधी हेच काम मी आसनगावच्या कंपनीत पगारावर करायचो. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि धसईच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकलं.

दुकानाला वर्ष झालं आणि बायकोने मुरबाडला फ्लॅट बघितला. बारा वर्षं आम्ही थोरल्या भावाच्या घरात एका खोलीत राहत होतो. भांडण कसलंच नाही, पण देवघराची वाट त्या खोलीतून. पहाटे पाचला वहिनी घंटा वाजवत आमच्या अंथरुणावरून जायच्या. “मला आतून कडी लावता येईल असं एक दार पायजे,” एवढंच बायकोचं मागणं. विसार दिला. दोन महिन्यांत लोन झालं नाही, तर विसारही जाणार आणि दारही.

बँकेतल्या मॅनेजर मॅडमनी माझी इन्कम टॅक्सची दोन रिटर्न पुढे घेतली. एकात पूर्ण पगार, दुसऱ्यात अर्धा पगार नि अर्धा धंदा. शिवाय भाताचे पैसे आणि बायकोची ब्लाऊजची शिलाई.

“तुम्ही नोकरदार, व्यावसायिक की शेतकरी?”

“जसा महिना असेल तसा, मॅडम.”

त्या हसल्या. “आमचा माणूस गावात येऊन चौकशी करील,” म्हणाल्या.

इथेच घात झाला. आमच्या गावात इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल आणि तोंडात एखाद्याचं आडनावासकट पूर्ण नाव, असा परका आला की तो वसुलीवाला नाहीतर कोर्टाचा, हे ठरलेलं. मग सगळं गाव त्या एखाद्याला वाचवायला उभं राहतं. बँकेचा माणूस आला तेव्हा मी दुकानात होतो आणि बायको अस्तराचं कापड आणायला गेलेली. ओट्यावर शेजारची काकी तांदूळ पाखडत होती.

“हे इथंच राहतात ना? मोटारींचं काम करतात ते?”

“कोन? नाय बा. इथं तसं कोन नाय.”

“पण पत्ता तर...”

“होता एक. पन त्याला कसली मोटार येते! साधा बल्ब लावता येत नाय मेल्याला. गेला गुजरातला. बायकोपन नेली.”

किराणावाल्याने मला वर्षभरात पाहिलंच नव्हतं. माझा सख्खा भाऊ, ज्याच्या घरात मी राहतो तो, म्हणाला, “भाऊ? मी एकटाच आईला.” वर त्या माणसाला चहा पाजला.

संध्याकाळी सगळे छाती काढून सांगायला आले, “वाचवला रे तुला!” एकमेकांना न विचारता इतकं चोख खोटं मंत्र्यांनासुद्धा जमत नाही. बँकेतून फाइल परत आली: अर्जदार पत्त्यावर आढळला नाही.

बायको चिडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरली, काकीला म्हणाली, “काकी, चल माझ्यासंगं.” मीही सोबत निघालो, तर मला म्हणाली, “तुमी फक्त बसायचं. बेडकं काढायची नायत.”

बँकेत काकी मॅडमसमोर उभी राहिली. “बाय, मीच खोटं बोलले. याचं काम लय भारी. हा हाय म्हनून मुंबईला पानी जातं!”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता संपलंच, असं मला वाटलं.

तेव्हा बायकोने पिशवीतून बिलबुकं काढली. प्रत्येक मोटारीची कार्बन कॉपी, गिऱ्हाइकाची सही नाहीतर अंगठा. मी याला कायम हसायचो. जिथे पैसे आले नाहीत तिथे लिहिलेलं, ‘तांदूळ आला, पैसे नाय’. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांना चार पानं, प्रत्येकावर एकच ओळ: ‘पाऊस. मोटारी बंद. काम नाय.’

मॅडम तिथे थांबल्या. “हे रिकामे महिने कशाला लिहिलेत?”

“रिकामे गेले म्हनून.”

“माझ्याकडे येतात ते सगळे भरलेलेच महिने घेऊन येतात,” मॅडम म्हणाल्या आणि चष्मा परत लावला. त्यांनी त्या चार महिन्यांसकट हिशोब केला, पडताळणीचा माणूस या वेळी सरळ दुकानात पाठवला. लोन मागितलं त्यापेक्षा कमी बसत होतं. बायकोने बिल्डरला सांगितलं, “गॅलरीवाला नको, मागचा द्या. दार सारखंच हाय ना?”

मंजुरीचं पत्र घेऊन कुरिअरवाला आला, तेव्हा ओट्यावर काकी होती. “इथं तसं कोन नाय!” बायकोने मशीनवरून ते ऐकलं आणि गळ्यात टेप, पायांत काही नाही, अशी धावत सुटली. तिने धावत्या एसटीला मागे टाकून त्याला गाठला. एसटी उभीच होती असं ती म्हणते. तिला वाढवून सांगता येत नाही, काय करणार!

फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दुपारी ती आधी आत गेली. कडी लावली, काढली, परत लावली. बराच वेळ तेच चाललं होतं. मी खांद्यावर सिलिंडर घेऊन बाहेर उभा होतो, आणि एकदाही हाक मारली नाही.