पाटावरची बाई

लिहिण्यात काना-मात्रा चुकल्या असतील तर देवीआईने सांभाळून घ्यावं. चौथीपर्यंत शिकले, मग हातात खुरपं आलं ते तिथेच राहिलं, म्हणून अक्षरही असं वाकडंतिकडं आहे. हे कुणाला दाखवण्यासाठी नाही. तोंडाने सांगायची मला लाज वाटते, आणि मनातच ठेवलं तर एक दिवस मलाच ते खोटं वाटू लागेल, एवढ्यासाठी लिहिते.

अकोल्याला माझ्या डाव्या खुब्याचा सांधा बदलला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी ठेवायची. माझा तर सगळा जन्म जमिनीवर गेलेला. निंदण जमिनीवर, चूल जमिनीवर, मेथीच्या, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या त्याही उकिडवं बसून. आतल्या खोलीत देवीचा कोनाडा आहे तोही जमिनीलगत, आणि त्याच्यापुढे माझा पाट. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्या पाटावर बसूनच दिवा लावला. आता मी पलंगावर आणि आई खाली. आपले पाय तिच्याकडे तर होत नाहीत ना, या विचाराने डोळा लागत नसे.

त्याहून वाईट होतं ते कमोडच्या खुर्चीचं भांडं. ते माझी सून वर्षा काढायची. तिने कधी नाक मुरडलं नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. ओठ ओले करायचे आणि पेल्यातलं बाकीचं पाणी खिडकीतून खालच्या तुळशीला ओतायचं. वर्षा मळ्यातून आली की विचारायची, "आत्याबाई, पानी पेल्या काय?" मी म्हणायची, "हाव." उन्हाळा ऐन भरात होता, वर पत्रे तापलेले. गावातल्या सगळ्या तुळशी वाळल्या आणि आमची तेवढी हिरवीगार. वर्षाला त्याचं नवल वाटायचं.

शेजारची शमीमबी बांगड्या विकते. ती अधूनमधून डोकावायची. "काय वं, अर्धी लोखंडाची झाली तू! चुंबक लावून पाहू काय?" म्हणायची, आणि मी तोंडाला पदर लावून हसायची. एकदा ती रागावली. "काय लागते ते सांगत जाय ना मले. मी काय वाघ आहो?" मी मान हलवली आणि काहीच सांगितलं नाही. माझा स्वभावच तसा. लहानपणी ताटातली भाकर संपली तरी दुसरी मागायला माझं तोंड उघडत नसे.

एका शुक्रवारी मुलगा संतोष वांगी घेऊन जीपने कारंज्याला गेला होता आणि वर्षा मळ्यात. कुत्री शिरतात म्हणून जाताना तिने दाराला बाहेरून कडी लावली होती. भर दुपारी आतल्या खोलीतली समई विझल्याचा वास आला. शुक्रवारी देवीपुढचा दिवा विझलेला मी कधी पाहिला नव्हता. डोकं सकाळपासून गरगरत होतं, जीभ टाळूला चिकटलेली. तरी मी ठरवलं, कुणाला कशाला सांगायचं, आपणच जाऊ, क्षणभर पाटावर बसू, दिवा लावू आणि उठू. वॉकर धरून मी आत गेले.

पाटावर कुणीतरी बसलेलं होतं.

पाठमोरी बाई. मांडी घातलेली, डोक्यावर पदर, बाजूला परडी आणि तिच्यात कवड्यांची माळ. आमच्याकडे शुक्रवारी बाया देवीच्या नावाने जोगवा मागत फिरतात, त्यातलीच ही, असं मला वाटलं. दाराला कडी आहे हे आठवलंच नाही. भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ती पाठ माझ्या ओळखीची होती. संतोषच्या लग्नातल्या एका फोटोत मी लाजून मागे वळलेली आहे. तोच उतरलेला डावा खांदा, भाजीच्या टोपलीने मानेखाली आलेला तोच उंचवटा. पत्र्यांची तडतड थांबली होती. एक माशीही घोंगावत नव्हती.

"पानी दे वं बाई," ती म्हणाली. वाळलेल्या शेंगा चुरल्यासारखा आवाज.

"मले वाकता येत नाही. माठ खाली आहे."

"मंग माग ना कोनाले."

"मले मागता येत नाही."

तिचे खांदे हसल्यासारखे हलले. "मी पाच घरं मागते तवा माह्या आईचा दिवा लागते. तू कोन लागून गेली?" तिने परडीतून काही काढून पाटाच्या कडेला ठेवलं. नाणी वाजली. "हे उसने घे. आपल्या पायानं चालून, पाच घरं मागून परत कर. अन् खाली बसू नको. तुह्यासाठी आईच वर येईन."

तिने मान वळवायला सुरुवात केली. तो चेहरा पाहण्याची माझी छाती नव्हती. मी डोळे मिटले, वॉकर घट्ट धरला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने ओरडले, "शमीमबी, पानी दे वं मले!"

कडी काढून शमीमबी आत आली तेव्हा मी तशीच उभी होते आणि पाट रिकामा होता. तिने मला खुर्चीवर बसवलं, पेल्यामागून पेला पाजला. मग पाटाजवळ वाकून तिने हळद लागलेले पाच रुपये उचलले, आणि हात झटकन मागे घेतला. "पाट कायले तापला वं इतका? आत्ता कोनी उठून गेल्यावानी!"

पाण्याची गोष्ट त्या संध्याकाळी मी स्वतःच सांगून टाकली. वर्षा रागावली, रडली. "लेकराचं धुतलं, मायचं धुतलं, तुमचंच काय जड होते मले?" डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी खाली बसला असता तर सांधा निसटला असता. मी बसले नाही, कारण पाटावर जागाच नव्हती. एवढंच मला माहीत आहे. संतोषला मी काहीएक सांगितलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून कोनाड्यातली देवी उचलून कमरेइतक्या टेबलावर मांडली. पाट मात्र खालीच राहिला. हळदीचे रुपये वर्षाने नकळत समईच्या तेलात खर्चून टाकले, आणि माझ्यावर देणं उरलं.

काठीवर चालायला लागले तशी एका शुक्रवारी परडी घेऊन निघाले. पहिलं दार शमीमबीचं. "जोगवा" हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "जोरानं बोल. पान्यासाठी तर गाव उठवलं होतं!" मग गल्ल्यातला नवाकोरा रुपया काढून तिने परडीत टाकला. पुढची तीन दारं सोपी गेली. पाचवं दार मी माझंच धरलं. उंबऱ्याबाहेर उभी राहून सुनेपुढे परडी केली. वर्षा हसली नाही. तिने हात धुतले, रुपयाला हळद लावली, परडीत ठेवला आणि पदर सावरून माझ्या पाया पडली.

घेणाऱ्याचा हात खाली असतो म्हणून मी आयुष्यभर लाजत आले. पण देवीसमोरही हात तसाच धरावा लागतो, हे मला त्या दारात उभं राहिल्यावर कळलं. आईने माझा पाय वाचवला आणि हात उघडायला शिकवलं. तिचे उपकार कसे फेडू?

दुपारी वर्षाला म्हणाले, "हे पाटावर ठेव माय, मले वाकता येत नाही." तिने पाचही रुपये ठेवले आणि ती अंगणात गेली. मी पाटाकडे पाठ करून खुर्चीवर बसले. पत्र्यांची तडतड थांबली. मागे कवड्या हलल्या, हळूच कुणीतरी हसलं. मी वळले नाही. पत्रे पुन्हा वाजू लागले तेव्हा वर्षाला हाक मारून पाट पाहायला सांगितलं.

"रुपये नाहीत, आत्याबाई," ती पाटावर हात ठेवून म्हणाली. "अन् पाट गरम लागून राह्यला."

पाचही रुपये फिटले.