धुरपताबाईची तोंडी परीक्षा

आर्णीहून एसटीनं वीस मिनिटं आणि फाट्यावर उतरून पायी पंधरा, अशा एका शाळेत दीपमाला मुनेश्वर चौदा वर्षांपासून इंग्रजी शिकवते. तासिका तत्त्वावर. कायम होण्याची आशा तिनं कधीच सोडली आणि त्याबद्दल ती आता चकार शब्द काढत नाही. तिचं दुःख वेगळंच आहे, आणि ते ऐकून शिक्षकांच्या खोलीत सगळे हसतात. चौदा वर्षांत एकाही पोराला 'हू' आणि 'विच' धड वापरायला शिकवता आलं नाही, हे ते दुःख.

हसणाऱ्यांचंही काही चुकत नाही. परीक्षेत त्याला एखाददुसरा मार्क, त्यासाठी कोण घसा फोडून घेतं? पण दीपमालाचा जीव तिथंच अडकला होता. तिचे वडील बळीराम नेरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. लेक एम.ए. झाली, तीही इंग्रजीत, तेव्हा त्यांनी सगळी वस्ती अंगणात गोळा केली आणि म्हणाले, "बोल बाई, इंग्रजीत बोल काही तरी." दीपमालानं एकच वाक्य म्हटलं. माझे वडील, जे स्वतः कधी शाळेत गेले नाहीत, त्यांनी मला शिकवलं. कोणाला अक्षर कळलं नाही, टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. पण त्या वाक्यातल्या 'हू'मध्ये आपला अख्खा बाप मावला असं तिला वाटलं, आणि तेव्हापासून तो शब्द तिच्या मनात घर करून बसला. भलत्याच गोष्टीवर जीव जडला की माणसाचं असं होतं.

नववी-दहावीच्या पोरांपुढे मात्र तिनं हात टेकले होते. मराठीत आपण 'जो उंच आहे तो' म्हणतो. त्या 'तो'ची सवय पोरांच्या जिभेला अशी बसलेली, की इंग्रजीत 'हू इज टॉल' झालं की लगेच एक 'ही' चिकटवून देतात. तो फुकटचा 'ही' लाल पेनानं खोडता खोडता दीपमालाचे डोळे गेले, चष्मा लागला. हुशार पोरांनी यावर तोडगा काढला होता. गाइडात लिहिलंय, माणूस असो की म्हैस, 'दॅट' लावा, मास्तर चूक देऊच शकत नाही. सगळा वर्ग 'दॅट' लावून मोकळा व्हायचा आणि घंटेची वाट बघायचा.

वर्गाच्या भिंतीला लागून खिचडीची खोली होती. तिथं धुरपताबाई राठोड शिजवायला यायची. जवळच्या तांड्यातली, चव्वेचाळीस वर्षांची, अंगानं काटक आणि बोलायला तिखट. नववीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली. तांड्यातली आशाताईची जागा तीन वर्षांपासून रिकामी होती. अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणं, बाळांच्या लशी, गोळ्या, डॉक्टरांशी भांडण, हे सगळं धुरपताबाईच करायची, कोणी न सांगता. रीतसर आशाताई व्हायचं तर दहावी पास पाहिजे आणि वय पंचेचाळीसच्या आत. तिनं बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून मार्चमध्ये परीक्षा दिली. सगळे विषय निघाले, अगदी गणितसुद्धा. इंग्रजी राहिलं. जुलैची फेरपरीक्षा ही शेवटची संधी, कारण दिवाळीच्या आधी तिला पंचेचाळीस पूर्ण होणार होती.

"मॅडम, मले पास करून द्या," ती दीपमालाला म्हणाली. "जलमभर भाकर खाऊ घालीन."

शिकवणी भांडी घासून झाल्यावर खिचडीच्या खोलीतच सुरू झाली. पहिले पंधरा दिवस काहीही डोक्यात शिरेना. दीपमालाला वाटलं, चला, आपल्या नशिबात आणखी एक. मग एक दिवस धुरपताबाई उशिरा आली.

"काहून उशीर झाला?"

"त्याईनं गाडी नाही देली."

"कोणी?"

"ज्याईच्या गाडीले आरसा नाही."

दीपमाला खो-खो हसली. नवऱ्याचं नाव न घेण्याची चाल तिला माहीत नव्हती असं नाही. तिच्या स्वतःच्या घरी तिची आई पंचफुला ते सगळं थोतांड म्हणायची आणि 'ओ बळीराम' अशी हाक मारून चार घरं जागी करायची. पण धुरपताबाईनं तीस वर्षांत नवऱ्याचं नाव ओठावर आणलं नव्हतं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, एवढं साधं तिचं गणित. आणि मागच्या वर्षी विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून तो माणूस चार दिवस यवतमाळला बेशुद्ध पडला होता. तेव्हापासून तर ती नावासारखं दुसरं नावही टाळायची. तांड्यात कोणी विचारलं तर सांगायची, ज्याईचं वावर कॅनॉलले लागून हाय. ज्याईले वांगे चालत नाही. ज्याईले शॉक लागला. नाव सोडून त्या माणसाची अशी एकही बाजू नव्हती, जी तिनं शब्दांत पकडली नव्हती.

दीपमालानं खडू उचलला आणि खिचडीच्या खोलीच्या दारावरच लिहायला सुरुवात केली. ज्याईचं म्हणजे 'हूज'. ज्याईनं म्हणजे 'हू'. ज्याईले म्हणजे 'हूम'. धुरपताबाई बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे इंग्रजांच्या बायकाबी नाव घेत नाही काय?" त्या दिवसापासून तिची गाडी जी सुटली ती थांबेना. नवऱ्यापाठोपाठ तिनं सासूवर, म्हशीवर, मुख्याध्यापकांवर वाक्यं केली. आणि तो फुकटचा 'ही' तिनं एकदाही लावला नाही. दीपमालानं कारण विचारलं तर म्हणाली, "एक डाव वळख सांगतली, मंग परत 'ते' कायले म्हणा?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी ते आलं होतं. दीपमाला घरी जाऊन रडली. आनंदानं रडली, हे इथं मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे तसा प्रसंग आला नाही.

जुलैत तालुक्याच्या एका शाळेत तोंडी परीक्षा होती. वीस मार्कांची. तोंडीत सहसा कोणी हात आखडता घेत नाही. पोरगं स्वतःचं नाव धड सांगू शकलं तरी पंधरा-सोळा पडतात. दीपमालाचा हिशेब त्यावरच होता. लेखीत वीस-बावीस, तोंडीत पंधरा, झालं काम. परीक्षक म्हणून पुंडलिकराव नावाचे एक वयस्कर सर बाहेरून आले होते. दीपमाला व्हरांड्यात खिडकीशी कान लावून उभी होती.

नाव, गाव विचारून झालं. धुरपताबाईनं नीट सांगितलं. मग सरांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या पतीचं नाव काय?

"ही इज द मॅन हूज फील्ड इज निअर द कॅनॉल," धुरपताबाई म्हणाली.

"नेम, नेम."

"ही इज द मॅन हू डज नॉट ईट ब्रिंजल."

मागे बाकांवर बसलेली फेरपरीक्षेची पोरं फिसकन हसली. सरांनी चष्मा काढला. "बाई, नेम म्हणजे नाव. हजबंडचं नाव."

"ही इज द मॅन हूम आय मॅरिड, सर."

खिडकीबाहेर दीपमालाच्या अंगावर काटा आला. 'हूम'! तेही जिथल्या तिथं! आत काय होऊन बसलंय, हे तिला कळायला दोन क्षण लागले, आणि त्या दोन क्षणांत ती खरोखर सुखी होती. मग धुरपताबाई पदर सावरत बाहेर आली आणि दीपमाला आत धावली.

"सर, त्यांच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांना प्रश्न कळला होता. म्हणून तर त्यांनी तसं उत्तर दिलं. शंकरसिंग नाव आहे त्यांच्या पतीचं."

"परीक्षा तुमची आहे की त्यांची?" पुंडलिकराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "हे बघा मॅडम, अठ्ठावीस वर्षं झाली मला इंग्रजी शिकवून. माझ्या एका पोराला 'हूम' वापरता आलं नाही. मलाच कधीकधी येत नाही. आणि खिचडी शिजवणाऱ्या बाईला येतं, हे मी खरं मानू? तुम्ही पाठ करून घेतलंय. पाठ केलेलं पोपटासारखं बोलून गेल्या. साधा प्रश्न विचारला, तर तो डोक्यावरून गेला."

"सर, ती वाक्यं तिची आहेत. तिनं स्वतः केलेली."

"इतकं बरोबर आपल्याकडे कोणी बोलतं का?" ते म्हणाले. चौदा वर्षं दीपमाला स्वतःच हे म्हणत आली होती. तिचा पडलेला चेहरा पाहून सर नरमले. "बरं, बोलवा त्यांना. एकदा नाव सांगू द्या, पंधरा टाकतो."

दीपमाला बाहेर आली. "धुरपताबाई, एक डाव नाव घ्या. फक्त एक डाव."

"नाही मॅडम."

"अहो, बोलल्यानं कोणी मरत नाही. माझी आई रोज घेते. बाबा सत्तरचे झाले, ठणठणीत हायेत."

"तुमचं बराबर असन. पण चार दिवस त्या काचेतून पाह्यलं मी त्याईले. नळ्या लावल्या होत्या नाकात. मले नाही जमत." मग तिला एकदम सुचलं. "लिहून देतो मी. लिवलं त चालते. फॉर्मवर लिवलंच हाय."

तिनं वहीचं पान फाडून नाव लिहिलं, वळणदार इंग्रजीत. दीपमाला ते घेऊन परत आत गेली. पुंडलिकरावांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तोंडी परीक्षेत चिठ्ठी?" ते म्हणाले, आणि पुढच्या पोराचा नंबर पुकारला.

बाहेर येताना दीपमालाचा तोल गेला. राग कोणावर होता, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती ओरडली, "मग मरा जलमभर खिचडी शिजवत!" व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं. धुरपताबाईनं मान खाली घातली, पिशवी उचलली आणि म्हणाली, "चाला मॅडम, एसटी जाईन."

परतीच्या एसटीत दोघी एकाच सीटवर बसल्या. माफी मागणं दीपमालाच्या जिवावर आलं होतं असं नाही. माफी मागितली तर आशा संपली हे कबूल करावं लागेल, म्हणून तिनं दोघींची तिकिटं तेवढी काढली.

निकाल ऑगस्टच्या शेवटी मोबाइलवर आला. लेखी तेवीस, तोंडी तीन. पुढे दोन महिन्यांत आशाताईची जागा भरली गेली. बारावी झालेली एक सून, कागदावर तांड्यात आणि राहायला आर्णीत. तांड्यात ती महिन्यातून एकदा येते. बाया अजून धुरपताबाईचंच दार वाजवतात.

पण ते नंतरचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दीपमाला तांड्यावर गेली. अंगणात शंकरसिंग मोटरसायकल पुसत बसला होता. तिनं त्याला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. मऊ चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिलेली. त्यानं लगबगीनं खाट टाकली, आत आवाज दिला, "चाय मांड वं, मॅडम आल्या."

धुरपताबाई चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, पण तोंडावर हसू. शंकरसिंगनं कपाला हात लावण्याआधी विचारलं, "मॅडम, सारे विषय निघाले. मंग इंग्रजीतच काय अवघड गेलं हिले?"

नवऱ्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या धुरपताबाईनं दीपमालाकडे पाहून मान हलवली. सांगू नका. आपल्यापायी बायकोचं दहावीचं स्वप्न गेलं हे कळलं तर तो मनाला लावून घेईल, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं.

"माझंच चुकलं," दीपमाला म्हणाली. "मी नीट शिकवलं नाही."

"नाही, नाही. तुमचं कायचं चुकते?" शंकरसिंग समजुतीनं म्हणाला. "मी पयलेच म्हटलं होतं. हिचं डोकसंच नाही तेवढं. साधं सोताचं नाव नाही सांगता आलं म्हणते हिले तिथी, पोरं सांगून राह्यले होते फाट्यावर."

आणि धुरपताबाई हसली, मान डोलावली. "व्हय मॅडम, बराबर म्हून राह्यले ते. नाही डोकसं मले."

दीपमालाच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ते चहाबरोबर तिनं गिळून टाकलं. ती कप ठेवायला उठली, तेवढ्यात शंकरसिंगनं तिला ऊन लागू नये म्हणून खाट जरा सावलीत ओढली.